मिनिएचर इनॅमलची हातघड्याळं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिनिएचर इनॅमल म्हणजे घड्याळाच्या डायलवर काचेच्या थरांत हाताने रंगवून भट्टीत भाजलेलं सूक्ष्मचित्र. हे प्रश्न पहिलं इनॅमलचं घड्याळ घ्यायच्या बेतात असलेल्यांसाठी, आणि घेऊन झाल्यावर पावसाळा आला म्हणून धास्तावलेल्यांसाठीही. गोव्याची हवा आणि गोव्यातली घरं डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं दिली आहेत.

इनॅमल म्हणजे गेटला लावतो तोच रंग ना?

नाही. पण हा गोंधळ इतका सार्वत्रिक आहे की सुरुवात इथूनच करावी लागते. हार्डवेअरच्या दुकानात डब्यातून मिळतो तो ऑइलपेंट. घड्याळातलं इनॅमल म्हणजे चक्क काच. सिलिका, सोडा किंवा पोटॅश आणि रंगासाठी धातूंची ऑक्साइडं एकत्र वितळवून काच बनवतात. ती खलात पिठासारखी बारीक करून पाण्याने अनेकदा धुतात. मग सोन्याच्या, चांदीच्या किंवा तांब्याच्या पत्र्यावर तिचा पातळ थर पसरतात, वाळवतात आणि ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेल्या भट्टीत एक-दोन मिनिटं धरतात. पूड वितळून धातूला कायमची चिकटते. निळा रंग कोबाल्टचा, हिरवा तांब्याचा किंवा क्रोमचा, आणि चांगला गुलाबी सोन्याचा. जयपूरची मीनाकारी याच जातीची, त्यामुळे आजीच्या मीनाकाम केलेल्या कुड्या आणि जिनिव्हाचं डायल एकाच कुळातले म्हणायला हरकत नाही.

क्लॉझोने, शांप्लेव्हे, मिनिएचर: फरक काय?

क्लॉझोनेत सोन्याच्या केसासारख्या बारीक तारा वळवून चित्राची बाह्यरेषा उभी करतात आणि तयार झालेले कप्पे इनॅमलने भरतात. पतंगाच्या काड्यांसारख्या त्या सोनेरी रेषा नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. शांप्लेव्हेत धातू कोरून खळगे करतात आणि ते भरतात. आपल्या मीनाकारीची रीत बहुतांशी हीच. फ्लँकेत यंत्राने कोरलेल्या नक्षीवर पारदर्शक इनॅमल चढवतात, खालची नक्षी पाण्याखालच्या वाळूसारखी दिसते.

मिनिएचर पेंटिंगमध्ये तार नाही, खळगाही नाही. आधी पांढऱ्या अपारदर्शक इनॅमलचे थर भाजून, घासून, काचेसारखी सपाट जमीन करतात. त्यावर तेलात खललेले धातूंचे रंग मोजक्या केसांच्या कुंचल्याने, सूक्ष्मदर्शकाखाली लावतात. थोडं रंगवलं की भट्टी, पुन्हा रंगवलं की पुन्हा भट्टी. एका डायलला १५-२० भाजण्या सहज लागतात. जास्त उष्णता सोसणारे रंग आधी आणि नाजूक रंग शेवटी, हा क्रम मोडला की चेहऱ्यावरची लाली करपून तपकिरी होते. रंग भाजल्यावर सूर बदलतात, त्यामुळे कारागिराला समोर दिसणारा रंग नव्हे, भट्टीतून बाहेर येणारा रंग डोक्यात धरून काम करावं लागतं. सगळं जमलं की वर बिनरंगी इनॅमलचे थर भाजून, घासून, पॉलिश करतात. त्याला फाँदाँ म्हणतात आणि फाँदाँ चढवणं ही जिनिव्हाची खूण. चित्र काचेच्या आत बुडाल्यासारखं दिसतं ते त्यामुळे. शेवटच्या भाजणीत बुडबुडा आला तर महिन्याभराची मेहनत भंगारात जाते, आणि किंमत का एवढी याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

काचेवर रंगवण्याची ही रीत सतराव्या शतकात फ्रान्समध्ये रुजली. झां तूतँ याचं नाव तिच्याशी जोडलं जातं. जिनिव्हात जन्मलेल्या झां पतितोने (१६०७–१६९१) तिला राजदरबारी व्यक्तिचित्रांपर्यंत नेलं.

जाहिरातीत 'ग्रां फू' लिहिलंय. म्हणजे हाताने रंगवलेलं ना?

मुळीच नाही. ग्रां फू म्हणजे फक्त मोठ्या आचेवर भाजलेलं. संपूर्ण पांढरं, एकही फूल नसलेलं डायलही ग्रां फू असतं. त्याउलट 'कोल्ड इनॅमल' म्हणजे रंगीत रेझिन; ते भट्टीत जातच नाही. जपानी उरुशी हे झाडाच्या चिकाचं लॅकर आणि संगमरवराच्या चकतीवर काढलेलं सूक्ष्मचित्र हे चित्रच. दोन्ही सुंदर असू शकतात, पण इनॅमल नव्हेत. विक्रेत्याला लेखी तीनच प्रश्न विचारा: काच आहे की रेझिन, चित्र हाताने आहे की छापील, वर फाँदाँ आहे की नाही. उत्तर गोलगोल आलं तर तेच उत्तर समजा.

चित्र खरंच हाताचं आणि भाजलेलं आहे, हे घरी कसं तपासायचं?

सोनाराकडे असतं तसं १० पट भिंग, एक लहान पांढरा टॉर्च आणि जमलं तर ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च. एवढं पुरतं.

भिंग आधी डायलच्या मध्यभागी, काट्यांच्या भोकापाशी न्या. भाजलेल्या काचेची कड तिथे बहुधा किंचित गोलावलेली असते, झिलई दिलेल्या चिनी मातीच्या बशीच्या काठासारखी. छापील किंवा रेझिनच्या डायलची कड करकरीत कापलेली दिसते. मग चित्रातली एक छटा निवडा, समजा आभाळाची निळी पांढरीत विरते ती जागा. हाताच्या कामात तिथे सूक्ष्म ठिपके किंवा फटकारे दिसतील, पण एकसारखे नाहीत. कुठे दाट, कुठे विरळ. छपाईत ठिपक्यांची जाळी ओळीत, ठरावीक अंतराने येते, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखी. ही जाळी दिसली की प्रश्न मिटला.

नंतर टॉर्च आडवा धरा, जवळजवळ डायलला समांतर. पृष्ठभागावर अगदी हलकी लाट, एखादं सुईच्या टोकाएवढं छिद्र दिसलं तर घाबरू नका. भट्टीच्या कामाचं ते लक्षण आहे. आरशासारखा निर्जीव सपाटपणा उलट संशयाचा, अर्थात उत्तम घासलेलं फाँदाँही फार सपाट असू शकतं, म्हणून या एकाच चाचणीवर निकाल देऊ नका. आता डोळा डावी-उजवीकडे हलवा. फाँदाँखालचं चित्र काचेपासून थोडं खाली तरंगताना जाणवतं.

अतिनील प्रकाशात डागडुजीचं रेझिन बहुतेक वेळा दुधी-निळसर उजळतं आणि आजूबाजूची काच वेगळी दिसते. काही जुनी इनॅमलंही चमकतात, तेव्हा बघायचं ते सगळं डायल उजळतं की एखादाच डाग.

गरम सुई टोचणं, ॲसिटोन लावणं, नखाने ओरखडून बघणं हे प्रकार इंटरनेटवर सुचवले जातात. करू नका. घड्याळ तुमचं नसेल तर विशेषच करू नका.

केसासारखी चीर असेल तर सोडून द्यावं का?

चीर आणि टवका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या डायलमध्ये, विशेषतः साध्या पांढऱ्या, काट्याच्या भोकापासून कडेकडे जाणारी बारीक चीर सर्रास आढळते आणि पुढे सरकली नाही तर तिच्यासोबत घड्याळ पन्नास वर्षं सुखाने चालतं. मिनिएचरमध्ये मात्र ती कुठून जाते हे महत्त्वाचं. पार्श्वभूमीतल्या झाडातून गेली तर भाव करा. चेहऱ्यातून गेली तर सोडा.

टवका म्हणजे काच उडून आतलं पांढरं किंवा धातू उघडा पडणं. त्याचं कारण शोधा. डायलच्या मागे दोन बारीक पाय असतात, ते यंत्रात बसतात आणि बाजूच्या स्क्रूने आवळले जातात. कुणीतरी पाय वाकडा असताना डायल दाबून बसवलं, तर नेमकं त्या पायाच्या वरचं इनॅमल ताऱ्याच्या आकारात चिरतं. असे दोन 'तारे' दिसले तर घड्याळ अडाणी हाताखालून गेलं आहे. यंत्राचीही तीच गत असणार.

डायलची पाठही बघायला मागा. पाठीवरही इनॅमलचा थर हवा. काच आणि धातू थंड होताना वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. एकाच बाजूला काच असेल तर पत्रा पापडासारखा वळतो आणि काच तडकते. मागचा थर हा ताण तोलून धरतो.

उडालेला टवका पुन्हा भट्टीत घालून भरता येत नाही का?

पूर्ण झालेलं डायल पुन्हा तापवणं म्हणजे प्रत्येक रंग पुन्हा पणाला लावणं. जुन्या काचेत शिसं असे, आजची बरीचशी इनॅमलं बिनशिशाची. दोन्हींचं आकसणं जुळत नाही. शिवाय मागचे पाय झाळलेले असतील तर भट्टीत निघून येतात. म्हणून व्यवहारात रेझिन भरून रंग जुळवतात. चांगल्या हाताने केलेली अशी डागडुजी नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण वर्षांनी पिवळी पडते. डागडुजी असणं हा गुन्हा नाही, लपवणं हा आहे. बिलावर लिहून घ्या.

आजोबांचं आफ्रिकेहून आणलेलं पांढऱ्या काचेरी डायलचं घड्याळ आहे. मोलाचं असेल का?

तारवटी (जहाजांवर काम करणारे), आफ्रिकेकडे गेलेले, आखातातले अशा नातलगांमुळे गोव्यातल्या पुष्कळ घरांत एखादं स्विस घड्याळ निघतंच. खिशातल्या जुन्या घड्याळांची पांढरी डायलं बहुधा खरंच इनॅमलची असतात, पण तो त्या काळचा नेहमीचा माल. आकडे इनॅमलचे असले तरी ते मिनिएचर पेंटिंग नव्हे. बाजारभाव केसच्या (घड्याळाच्या धातूच्या कवचाच्या) सोन्याचांदीचा आणि यंत्राचाच. मात्र केसच्या पाठीवर स्त्रीचं चित्र, देखावा किंवा फुलांचा गुच्छ असेल, तर उघडण्याआधी जाणकाराला दाखवा. शंभर वर्षं पूर्ण झालेली कलाकुसरीची वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकते आणि ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. लिस्बनच्या पुतण्याला सहज भेट म्हणून सामानात टाकण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून दाखला घ्या.

सुरुवात कुठल्या घड्याळांनी करावी?

मिनिएचरने नव्हे, हे स्पष्ट मत. आधी साधं भाजलेलं इनॅमल डायल घ्या. सेकोच्या प्रेसाज मालिकेत किंवा ग्लासगोच्या ॲनऑर्डेनकडे ती मिळतात. ते वर्षभर भिंगाखाली पाहा, पावसाळ्यात सांभाळा. डोळा तयार होतो आणि चुका स्वस्तात होतात.

पुढची पायरी क्लॉझोने, आणि तिथे १९५० च्या दशकातली स्विस डायलं हा अभ्यासाचा मोठा विषय आहे. जिनिव्हाच्या पातेक फिलिप कंपनीच्या २४८१ आणि २५२३ या मॉडेल क्रमांकांची नावं लिलावांत पुन्हा पुन्हा येतात. मिनिएचरमध्ये सही पाहायला शिका. कार्लो पोलुझी, सुझान रोर, अनिता पोर्शे या इनॅमल कलावंतांची नावं माहीत हवीत. सही बहुधा चित्राच्या खालच्या कडेला, एखाद्या आकड्याच्या आड असते. कारागिराची सही नसली तरी काम अस्सल असू शकतं. कित्येक कारखान्यांत सही करू देत नसत.

झेजर-लकूल्त्र या स्विस कंपनीच्या रिव्हर्सो घड्याळाचा वेगळा उल्लेख करायलाच हवा. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत, म्हणून केस उलटी फिरवता येईल असं घड्याळ १९३१ मध्ये निघालं. त्याची पाठ म्हणजे कोरा आयत. मधे भोक नाही, वरून काटे फिरत नाहीत, अख्खं चित्र अखंड दिसतं. १९९० च्या दशकात कंपनीचे कारागीर मिक्लोश मर्झेल यांनी तिथे इनॅमलची सूक्ष्मचित्रं करायला सुरुवात केली. चित्रासाठी घड्याळ घेणार असाल तर गोल डायलपेक्षा हा आयत जास्त प्रामाणिक वाटतो.

जयपूरच्या मीनाकाराकडून डायल करून घेता येईल?

हात तितकाच कसलेला असतो, अडचण मापाची आहे. दागिन्यात पत्रा जाड चालतो, किंचित वळला तरी कुणी मोजत नाही. डायल मात्र इनॅमलसकट साधारण एक मिलिमीटरच्या आत बसवावं लागतं, पूर्ण सपाट. मधलं भोक भाजताना वितळत्या काचेने आक्रसतं, ते नंतर हिऱ्याच्या पावडरीने घासून मापात आणावं लागतं. डायल ०.२ मिलिमीटर जाड झालं तरी तासकाटा टेकतो. करून घ्यायचंच असेल तर आधी यंत्र निवडा, त्याची काट्यांच्या बैठकीची उंची मोजा, आणि तीन-चार डायलं फुकट जातील असं धरून पैसे ठरवा.

परदेशातून मागवलं तर किती भार पडतो?

हातघड्याळावर मूळ सीमाशुल्क २० टक्के, त्या शुल्कावर १० टक्के अधिभार आणि मग सगळ्या बेरजेवर १८ टक्के आयजीएसटी. १०० रुपयांची वस्तू दारात १४४ च्या आसपास पडते. स्वित्झर्लंडसह एफ्टा या युरोपीय व्यापारगटातल्या देशांशी झालेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहे, त्यामुळे स्विस मालावरचं शुल्क टप्प्याटप्प्याने उतरतं. पण त्यासाठी मूळ देशाचा कागद लागतो.

दोन खड्डे लोक विसरतात. एक, वापरलेल्या वस्तूंची आयात विदेश व्यापार धोरणात 'निर्बंधित' आहे. लिलावातलं जुनं घड्याळ थेट कुरिअरने मागवलं तर ते अडकू शकतं. आधी सीमाशुल्क दलालाशी बोला. दोन, मगरीच्या कातड्याचा पट्टा सायटिस करारात (संकटग्रस्त प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात) येतो. विक्रेत्याला पट्टा काढून ठेवायला सांगा. तसाही गोव्यात तो दोन पावसाळे नीट काढत नाही.

दाबोळी किंवा मोपा विमानतळावर उतरताना मनगटावर असलेलं घड्याळही सामानातच मोजलं जातं. इथून घालून बाहेर जात असाल तर निघताना सीमाशुल्क खात्याकडून निर्यात दाखला घ्या, म्हणजे परतताना वाद होत नाही. देशात १० लाखांवरचं घड्याळ घेतलं तर विक्रेता एक टक्का टीसीएस (विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा प्राप्तिकर) वसूल करतो. तो विवरणपत्रात वळता होतो. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख देणं-घेणं कायद्यात बसत नाही, विक्रेता कितीही ओळखीचा असो.

चोरीचा माल नाही ना, हे कसं कळणार?

केस क्रमांक आणि यंत्र क्रमांक दोन्ही मागा, फोटोसह, आणि कंपनीकडून नोंदीचा उतारा मिळत असेल तर तो घ्या. लंडनच्या 'द वॉच रजिस्टर'सारख्या ठिकाणी क्रमांक तपासून मिळतो. ही अतिरेकी काळजी नाही. जिनिव्हाचं घड्याळ आणि इनॅमल संग्रहालय २००२ मधल्या चोरीनंतर बंद झालं, जेरुसलेमच्या एल. ए. मेयर संग्रहालयातून १९८३ मध्ये शंभरावर घड्याळं गेली आणि त्यांतली बरीच दोन दशकांनंतर सापडली.

गोव्याच्या दमट हवेत इनॅमल खराब होतं का?

इनॅमल नाही. खराब होतं ते त्याच्या आजूबाजूचं सगळं. काचेला दमट हवा काही करत नाही, पण पट्ट्याला बुरशी धरते, स्टीलच्या बारीक स्क्रूंना गंज चढतो आणि चीर असेल तर तिच्यात घाण ओढली जाऊन ती काळी होते.

पावसाळ्यात बाहेरची आर्द्रता ८५-९० टक्के सहज असते. पेटीत ती ४५ ते ५५ टक्के ठेवायची. त्यासाठी रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा, आत छोटा आर्द्रतामापक आणि पाच लिटरच्या डब्याला साधारण १०० ग्रॅम रंग बदलणारं सिलिका जेल. नारिंगी दाणे हिरवे झाले की ट्रेमध्ये पसरून १२० अंशांवर दोन तास ओव्हनमध्ये ठेवा, पूर्ण गार करून परत घाला. जूनच्या अखेरीला दर पंधरवड्याला हे करावं लागतं. आकडा ३५ च्या खाली गेला तर जेल कमी करा, चामडं तडकतं.

डब्यात कापूर किंवा डांबरगोळ्या टाकू नका. त्यांची वाफ लॅकरला आणि पट्ट्याच्या गोंदाला लागते. कंपनीच्या भपकेबाज लाकडी खोक्यातही पावसाळ्यात घड्याळ ठेवू नये. आतलं मखमल स्पंजासारखं ओल धरतं. चवथीला घालायचं म्हणून बाहेर काढाल तेव्हा पट्टा पांढरा झालेला सापडतो तो याच खोक्यामुळे.

काचेच्या आत बाष्प दिसलं तर तांदळात पुरून ठेवू नका. त्याच दिवशी केस उघडून घ्या. उशीर झाला की काट्यांचा निळा रंग जातो.

सर्व्हिसिंग कुणाकडे आणि काय सांगून द्यायचं?

इनॅमल डायलचे सगळ्यात जास्त टवके दुकानातल्या टेबलावर उडतात. काटे काढताना कारागीर दोन लिव्हर डायलवर टेकवून उचकटतो. धातूच्या डायलवर हे खपतं, काचेवर नाही. द्यायच्या आधी विचारा: काटे काढताना डायलवर प्लॅस्टिकचं संरक्षक पान ठेवता का, लिव्हरऐवजी नायलॉनच्या टोकांचं हत्यार आहे का. 'सवय आहे साहेब' हे उत्तर नव्हे.

चिठ्ठीवर हेही लिहून द्या: डायलचे स्क्रू अर्धा फेरा सैल करून डायल सरळ वर उचलावं, तिरकं नाही. डायल पाण्यात, अल्ट्रासॉनिकमध्ये (ध्वनिलहरींनी धुणाऱ्या यंत्रात), कुठल्याही द्रावात जाणार नाही. धूळ फक्त हवेच्या रबरी फुग्याने. केसच्या पाठीवर इनॅमल असेल तर केसही अल्ट्रासॉनिकमध्ये नाही, आणि पॉलिशिंग चाकाजवळ नेणंच नको. बसवताना स्क्रू जेमतेम आवळावा. देण्यापूर्वी आणि घेतल्यावर, त्याच उजेडात, डायलचे भिंगातून फोटो काढा.

पाच ते आठ वर्षांनी सर्व्हिसिंग पुरतं. रोज न चालणाऱ्या घड्याळाला महिन्यातून एकदा चावी द्या.

रोज घालू का?

लग्नाला, जेवणाला, जरूर. समुद्रावर नाही, स्कूटरवर नाही. हाताला बसलेला एक टोला पुरतो. गुळगुळीत फरशीवर पडलं तर यंत्र वाचतं, चित्र वाचत नाही. मिरामारच्या उन्हात तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून लगेच एसीसमोर धरणंही टाळा.

बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलं की झालं?

आग, चोरी, दरोडा किंवा कर्मचाऱ्याच्या फसवणुकीत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट इतकीच आहे. ३,००० रुपये भाडं असेल तर ३ लाख. उरलेल्यासाठी मूल्य आधी ठरवून घेतलेला स्वतंत्र विमा लागतो, आणि त्यात 'अपघाती तुटफूट' हे शब्द आहेत का ते वाचा. नुसत्या चोरीच्या विम्यात टवका येत नाही. लॉकरमध्येही जेलचा डबाच ठेवा.

विकायचं झालं तर?

काच न पुसता, खिडकीतल्या उत्तरेच्या उजेडात फोटो काढा, फ्लॅश नको. एक सरळ, एक आडव्या प्रकाशात, एक सहीचा, एक पाठीचा, आणि असेल तर चिरेचाही, पूर्ण लांबीचा. चीर झाकून काढलेला फोटो अनुभवी गिऱ्हाईक लगेच ओळखतं. विकण्याआधी सर्व्हिसिंग करून घेऊ नका. नवा मालक स्वतःच्या माणसाकडे करून घेतो आणि डायल आणखी एकदा उघडलं जाण्याचं टळतं.